धुऱ्याकडची वांगी

पुंजाजी : पाय सायली, हे वांगं नीट उजेडात धरून पाय. भोक हाय का नाई?

सायली : आहे, आबाजी.

पुंजाजी : अन् आत अळी हाय का?

सायली : नाही. आतून अगदी स्वच्छ आहे.

पुंजाजी : थेच तं म्हनून राह्यलो मी! उभी हयात या रिठदच्या मातीत वांगे पिकवले म्या. फळातली अळी भोक पाडते, आत जाते, खाते, घाण करते. हे कोनतं जनावर हाय बाप्पा, जे भोक पाडते, आत डोकावते अन् काही न खाता वापस जाते? उपास हाय का त्याले?

सायली : श्रावण आहे ना, आबाजी. असेल उपास.

सीताबाई : अहो, पोळ्याच्या आदल्या दिवशी नात पुण्याहून घरी आली आहे. तिला आधी पाणी विचारावं, मग वांगी दाखवावीत, एवढा क्रम तरी पाळा.

पुंजाजी : पानी देल्लं, हेडबाई. चहा देल्ला. तुमीच पेपरात डोकं घालून बसल्या होत्या.

सीताबाई : मी वाचत होते.

पुंजाजी : व्हय. परवाचा पेपर.

सीताबाई : जो मजकूर महत्त्वाचा असतो, तो दोनदा वाचण्याची मला सवय आहे. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, वाचक म्हणून नव्हे.

सायली : आबाजी, सगळ्या वावरात असं झालंय का?

पुंजाजी : कोडं तं हेच हाय. फकस्त धुऱ्याकडच्या, बांधाजवळच्या वळीत. निंबाखाली थो दगडी बाक हाय ना, तुही आजी सकाळी फिराले जाऊन जथी बसते, त्याच्या आजूबाजूचे झाडं तेवढे. बाकी वावर बिनघोर.

सायली : फवारणी केली?

पुंजाजी : केली ना. मंग कृषी केंद्रवाल्यानं सापळे देल्ले, मादीच्या वासाचे. नर पाखरू येते अन् अडकते. बांबूले टांगले. एक पाखरू नाई अडकलं. तुह्या आजीनं मात्र एका सापळ्याले दटावलं, "कोण उभा आहे रे तिकडे? चल, वर्गात जा!"

सीताबाई : तेव्हा संधिप्रकाश होता.

पुंजाजी : दुपार होती.

सायली : आबाजी, आज तोडलेलं एखादं आहे का? त्याच वळीतलं?

पुंजाजी : हे घे. सकाळीच तोडलं. पाय, ताजं भोक. सुईनं पाडल्यासारखं.

सायली : थांबा, कापते... याचा वास घ्या.

पुंजाजी : दवाखान्यासारखा येते. फवारनीचा असन.

सायली : फवारणीचा नाही. हा वास माझ्या ओळखीचा आहे. प्रयोगशाळेत रोज माझ्या हाताला येतो. इन्सुलिन टिकावं म्हणून त्यात एक औषध मिसळतात, त्याचा वास आहे हा.

पुंजाजी : वांग्याले इन्सुलिन?

सायली : आजी, तुझं इन्सुलिनचं पेन कुठे आहे?

सीताबाई : जिथे असायला हवं तिथे. माझ्या पिशवीत.

सायली : आज सकाळचं इन्सुलिन झालं?

सीताबाई : दिलं.

सायली : कुणाला?

सीताबाई : सायली, मोठ्या माणसांशी उलटतपासणीच्या सुरात बोलू नये.

पुंजाजी : हेडबाई! तुमी?

सीताबाई : दचकण्यासारखं त्यात काहीही नाही. परिचारिकेने पेन हातात देताना स्पष्ट सांगितलं होतं, की सुरुवातीला एखाद्या फळावर सराव करावा, म्हणजे हात बसतो. मी सराव करत होते. कोणताही धडा पक्का झाल्याशिवाय पुढचं पान उलटायचं नाही, हा माझा शिरस्ता आहे.

पुंजाजी : आखाडापासून सराव चालू हाय?

सीताबाई : धडा अवघड आहे.

पुंजाजी : अवो, म्या रात-रात झोपलो नाई! नवी कीड आली म्हून साऱ्या गावाले सांगतलं. शेजारच्या लालसिंगनं आपल्या वांग्यावर फवारलं माह्या भरवशावर! अन् थे भोकाचे वांगे... बाप्पा रे, थे तं आपन खाल्ले. लालसिंगच्या घरी पाहुण्याइले भरीत झालं त्याचं. कोनाले काही होईन का व, सायली?

सायली : काही होत नाही. इन्सुलिन पोटात गेलं की डाळीसारखं पचून जातं. म्हणून तर त्याची गोळी नसते, टोचूनच घ्यावं लागतं. वांग्यांचंही काही बिघडलं नाही. बिघडलंय ते आजीचं.

सीताबाई : माझं काय बिघडलं? मी ठणठणीत आहे.

सायली : आबाजी, काल रिसोडला डॉक्टर काय म्हणाले?

पुंजाजी : म्हने, साखर उतरूनच नाई राह्यली. म्हने, हे उतरल्याबिगर डोयाच्या मोतीबिंदूले हात लावनार नाई. परत धाडलं. दुसऱ्या बारी. अन् इन्सुलिन वाढवून देल्लं.

सायली : ऐकलंस? त्यांना वाटतंय की तू घेतेस आणि तरी साखर उतरत नाही, म्हणून ते वाढवत चाललेत. उद्या तुझ्या मनात आलं आणि तो वाढवलेला डोस तू एकदम घेतलास, तर साखर इतकी खाली जाईल की चक्कर येऊन त्या बाकाजवळ पडशील. सकाळच्या वेळी तिथे कुणीही नसतं.

सीताबाई : मनात आलं तर, असं तू म्हणालीस. माझ्या मनात येणार नाही. प्रश्न मिटला.

पुंजाजी : मिटला कसा? डोये नाई लागत का तुमाले?

सीताबाई : माझे डोळे मला पुरेसे आहेत.

पुंजाजी : पोरी, आता सांगूनच टाकतो. तुही आजी रोज सकाळी मले पेपर वाचून दाखवते. लग्न झालं तेव्हापासून. मले वाचता येते, पन तिच्या तोंडून ऐकाची सवय लागली. तं गेल्या कित्येक दिवसापासून हे एकच बातमी वाचून राह्यली. पोहरादेवीच्या यात्रेची.

सायली : पोहरादेवीची यात्रा? ती तर रामनवमीला असते. चैत्रात.

पुंजाजी : मंग! आता श्रावण सरत आला, अन् यात्रा चालूच हाय. वरून रोज थोडी थोडी गर्दी वाढवून राह्यली. काल तं म्हने वाशीमपर्यंत रांग लागली.

सीताबाई : तुम्हाला ठाऊक होतं?

पुंजाजी : व्हय.

सीताबाई : आणि तुम्ही रोज माना डोलावत होता?

पुंजाजी : बातमी जुनी हाय म्हून काय झालं? आवाज तं तुमचाच हाय.

सीताबाई : ...सायली, चुलीवरचं... गॅसवरचं दूध पाहून ये.

सायली : गॅस बंद आहे, आजी. बोल. का नाही घेत इन्सुलिन? सुईला घाबरणारी तू नाहीस.

सीताबाई : सुईला कोण घाबरतं? मुलांना लस टोचायला पथक यायचं, तेव्हा पहिला दंड मी पुढे करत असे. प्रश्न सुईचा नाही, तत्त्वाचा आहे. गोळी म्हणजे अवयवाला दिलेली समज. बाबा रे, कामात कुचराई होते आहे, सुधार. आणि इन्सुलिन म्हणजे त्याला दिलेला निरोप. तू संपलास, तुझ्या जागी आता बाहेरचा माणूस आणला आहे. माझ्या स्वादुपिंडाला मी अद्याप निरोप दिलेला नाही. हयातभर एवढं इमानाने राबलं आहे बिचारं.

सायली : तेच तर! राबलंय म्हणूनच. आजी, मी पुण्यात दिवसभर काय करते, ते तू कधी विचारलं नाहीस.

सीताबाई : तू उंदरांमागे असतेस, एवढं मला ठाऊक आहे. गावात विचारतात तेव्हा मी संशोधन म्हणते.

पुंजाजी : म्या उंदरंच म्हनतो.

सायली : उंदरांच्या स्वादुपिंडातल्या त्या पेशी पाहते मी, ज्या इन्सुलिन बनवतात. बीटा पेशी. पूर्वी शास्त्रज्ञांना वाटायचं, साखरेच्या आजारात त्या मरत जातात आणि म्हणून इन्सुलिन कमी पडतं. काही मरतातही. पण काही मेलेल्या नसतात, आजी. जागेवर असतात, जिवंत असतात. फक्त आपण कोण, हे विसरलेल्या असतात.

सीताबाई : विसरलेल्या? पेशीला कुठलं आलंय स्मरण?

सायली : असं समज, शरीरातल्या प्रत्येक पेशीजवळ एकच जाडजूड ग्रंथ आहे. डोळ्याची पेशी त्यातली तिची पानं उघडून बसते, कातडीची पेशी तिची. बीटा पेशीने इन्सुलिनची पानं उघडलेली असतात. आता रक्तात साखर सतत वाढलेली. तिला सारखा हुकूम, बनव, अजून बनव, अजून. उसंतच नाही. मग हळूहळू तिची ती पानं मिटत जातात. ती कोरी होते, जन्माआधी होती तशी. काही जणी तर शेजारणीचं काम करायला लागतात, आणि ते काम असतं साखर वाढवायचं. स्वादुपिंडाला पुन्हा पुन्हा सूज आली, तरीही काहीसं असंच होताना दिसतं.

सीताबाई : म्हणजे हजेरीपटावर नाव आहे, वर्गात देह आहे, आणि शिकवणं मात्र नाही.

सायली : अगदी तसंच.

सीताबाई : बाबूसिंग गुरुजी.

सायली : कोण?

पुंजाजी : झालं. आता बस पोरी. बैलाइच्या खांदशेकनीले येळ हाय अजून, म्या तूप-हळद कढवाले ठेवतो. हे गोष्ट लांब हाय.

सीताबाई : लांब नाही, नेमकी आहे. आणि तुम्हीही बसा. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरची शाळा होती. मी तिथे नव्याने मुख्याध्यापिका म्हणून गेले, तेव्हा बाबूसिंग गुरुजी पहिलीला होते. तालुक्यात त्यांच्या हाताला जोड नव्हती, असं जुने लोक सांगत. तांड्यावरची लेकरं, घरी बोली वेगळी, आईबाप ऊसतोडीला गेलेले. त्या लेकरांना हा माणूस खड्यांनी आणि बियांनी वाचायला शिकवत असे.

पुंजाजी : अन् तुमी गेल्या तवा?

सीताबाई : मी गेले तेव्हा गुरुजी फळ्यापुढे नुसते उभे होते. हातात खडू, आणि फळ्यावर तांदूळ किती, डाळ किती, मीठ किती. खिचडीचा हिशेब. मुलं तो वहीत उतरवून घेत होती.

सायली : असं काय झालं होतं त्यांना?

सीताबाई : काय व्हायचं? काम. जनगणना त्यांच्याकडे, मतदारयाद्या त्यांच्याकडे, गुरांची मोजणी त्यांच्याकडे, शाळेची खोली बांधायची तर विटा त्यांच्याकडे. आणि रोजची खिचडी. माणूस नाही म्हणत नसे, म्हणून प्रत्येक जण त्याच्याच डोक्यावर ठेवत गेला. वरून साहेब आले, म्हणाले, हा माणूस संपला आहे, याला काढून टाकण्याचा प्रस्ताव पाठवा. मी म्हटलं, साहेब, संपलेला माणूस आणि दमलेला माणूस बाहेरून सारखाच दिसतो. मला दिवाळीपर्यंत अवधी द्या.

सायली : मग?

सीताबाई : मग काय? खिचडी मी माझ्याकडे घेतली. याद्या मी घेतल्या, विटा मी घेतल्या. गुरुजींना सांगितलं, तुमच्याकडे फक्त पहिलीचा वर्ग. बाकी कशालाही हात लावलात तर गाठ माझ्याशी आहे. सुरुवातीला नुसते खिडकीबाहेर पाहत बसत. मी विचारलं नाही. एक दिवस वऱ्हांड्यातून जाताना खडे खुळखुळल्याचा आवाज आला. पाहते तर गुरुजी मुलांबरोबर जमिनीवर बसलेले, आणि हेमला नावाची पोर स्वतःचं नाव वाचून दाखवते आहे.

पुंजाजी : मंग साहेब आले.

सीताबाई : मग साहेब आले. मी त्यांना वर्गात नेऊन उभं केलं.

सायली : आजी.

सीताबाई : काय?

सायली : काही नाही. मी फक्त तुझ्याकडे पाहतेय.

पुंजाजी : म्या बी पाहून राह्यलो.

सीताबाई : असं काय पाहता दोघं... हं.

पुंजाजी : हेडबाई सोताच्याच वर्गात सापडल्या!

सीताबाई : तुम्ही गप्प बसा. मला विचार करू द्या. म्हणजे तुझं म्हणणं असं, की बाहेरून इन्सुलिन दिलं, तर साखर उतरते, आणि आतल्या पेशींवरचा तो हुकूम थांबतो.

सायली : हो. त्यांना उसंत मिळते.

सीताबाई : म्हणजे ती सुई गुरुजींच्या जागी आणलेला नवा मास्तर नव्हे.

सायली : नव्हे. आजी, ती सुई म्हणजे तू आहेस. खिचडी स्वतःकडे घेणारी.

पुंजाजी : वा, पोरी! उंदरं वाया नाई गेले.

सीताबाई : ...रुख्मिणीलाही सुई लागली होती.

सायली : मावशीआजीला?

सीताबाई : माझी धाकटी बहीण. माझ्याहून दुप्पट हसायची. सुई सुरू झाली, आणि पुढचा पोळा तिने पाहिला नाही. मी स्वतः तिला म्हटलं होतं, घे, डॉक्टर सांगतात तर घे.

पुंजाजी : हे कधी बोलल्या नाई तुमी.

सीताबाई : बोलून काय झालं असतं?

सायली : आजी, मी तेव्हा लहान होते, पण आईने सांगितलेलं मला आठवतं. मावशीआजीला दवाखान्यात नेलं, तेव्हा तिचा पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. जखम महिनोन् महिने लपवली होती तिने. सुई सगळ्यात शेवटी आली, म्हणून सुईनेच शेवट केला असं वाटतं. तू घे म्हणालीस, ते बरोबरच होतं. उशीर आधीच झाला होता.

सीताबाई : लपवली होती. हो. लुगड्याच्या काठाखाली. आमच्या घराण्याला लपवण्याची खोड आहे.

पुंजाजी : कोनी काठाखाली, कोनी वांग्याखाली.

सीताबाई : आता एका प्रश्नाचं सरळ उत्तर दे. मी हे इन्सुलिन घेतलं, तर माझ्या त्या विसरलेल्या पेशी परत येतील, याची हमी आहे?

सायली : नाही.

सीताबाई : नाही?

सायली : उंदरांत पेशी परत आपल्या कामाला लागलेल्या पाहिल्या आहेत. माणसांतही, आजार नवा असताना काही काळ इन्सुलिनने साखर नीट खाली ठेवली, तर काहींचं स्वादुपिंड पुन्हा बरंच काम करू लागतं. काहींची सुई सुटतेही. पण तुझा आजार जुना आहे. तुझ्या किती पेशी परत येतील, येतील की नाही, हे मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकत नाही. एवढं मात्र नक्की, की साखर आटोक्यात आली, तर डॉक्टर डोळ्याला हात लावतील. ते त्यांनीच सांगितलं आहे.

सीताबाई : हमी आहे म्हणाली असतीस, तर मी आत्ता पेन घेऊन पुन्हा धुऱ्याकडे गेले असते.

पुंजाजी : अन् आता?

सीताबाई : बाबूसिंग गुरुजींचीही हमी मला कोणी दिली नव्हती. सायली, डॉक्टरांना फोन लाव. आधी खरं सांगायचं, मग पुढचं. आणि तुम्ही हसू नका, कामाची वेळ आहे.

सायली : लागला. घे, बोल.

सीताबाई : नमस्कार, डॉक्टर. रिठदहून सीताबाई बोलते. होय, काल आले होते तीच... निवेदन असं आहे, की आषाढापासून मी इन्सुलिन घेतलेलं नाही... नाही, पेन संपत होतं हे खरं आहे. रोज नियमाने दिलं... वांग्याला... वांगी, डॉक्टर. भाजीची... नाही, बुद्धी जागेवर आहे, नात शेजारी बसली आहे, तिला विचारा... हो. हसून घ्या. मी थांबते.

पुंजाजी : पाय, डॉक्टर बी हासून राह्यला.

सीताबाई : झालं? ठीक. आता मला सांगा, कालचा वाढवलेला डोस रद्द समजायचा ना?... पहिल्यापासून. अगदी थोडा... आज संध्याकाळी जेवणाआधी... समजलं. घाम आला, हात थरथरले तर लगेच साखर घ्यायची, आणि तुम्हाला कळवायचं. रोज तपासून आकडा सायली पाठवेल. ती गेली की हे पाठवतील... हो, त्यांना मोबाइल येतो, फक्त ते तसं दाखवत नाहीत... आणि डॉक्टर, आपण आजवर जो मनस्ताप सोसलात, त्याबद्दल घरची वांगी पाठवते. धुऱ्याकडची नव्हेत. नमस्कार.

पुंजाजी : मोबाइल येते म्हून कायले सांगतलं?

सीताबाई : तुम्हीही बरंच लपवता. आज सगळंच बाहेर निघू द्या. जा, तूप कढवा. बैल ताटकळले असतील.

सायली : आबाजी, खांदशेकणी मी कितीतरी वर्षांत पाहिली नाही. पोळ्याला सुट्टीच मिळत नव्हती.

पुंजाजी : पायसीन आता. वर्षभर जू ओढून बैलाची खांद दगडावानी होते. म्हून पोयाच्या आदल्या सांजेले पळसाच्या पानानं तूप-हयद लावून शेकाची. उद्या त्याच्या मानेवर जू ठेवाचं नाई, काई नाई. अन् शेकता शेकता कानात जेवनाचं आवतन द्याचं. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आता तुही आजी काय म्हनते, माहीत हाय?

सायली : काय?

पुंजाजी : "आज निमंत्रणाचा स्वीकार करावा, उद्या भोजनास यावे." आपला बाश्या बैल असा पायत राह्यते तिच्याकडे, जसा साहेबच आला तपासनीले!

सीताबाई : बैलांशीही शुद्ध बोलावं. त्यांचं काही बिघडत नाही.

पुंजाजी : लहानपनी बापाच्या गोठ्यात तुही आजी बी आपल्यासारखंच बोले, सायली. मले, तुले, समदं. लगनात माह्याशी पहिलं वाक्य काय बोलली सांगू? "तुमी असे काहून पाहून राह्यले?" मंग मास्तरीन झाली, अन् इसरली.

सीताबाई : विसरले नाही. ती बोली बाजूला ठेवली.

(संध्याकाळ. गोठ्यापुढे चांद्या आणि बाश्या उभे. पळसाच्या पानावर कोमट तूप-हळद.)

सायली : आबाजी, बाश्या डोळे मिटून राहिलाय बघा. आवडून राह्यलं त्याले!

सीताबाई : सायली, पुण्यात राहून तुझी भाषा सुधारेल अशी माझी अपेक्षा होती.

सायली : अपेक्षेची हमी नसते, आजी. पेन आणलंस? सुई नवी लाव. पेनवरचा आकडा मला दाखव... बरोबर. पोटाची ही जागा. वांग्यापेक्षा मऊ आहे.

पुंजाजी : म्या तोंड फिरवतो.

सीताबाई : उभे राहा इथेच. इतकी वर्षं सोबत केलीत, एवढ्याने काही होत नाही. हं.

सायली : लगेच काढू नकोस. थोडी आत राहू दे... झालं. दुखलं?

सीताबाई : मुळीच नाही. आता समजलं, वांग्यांनी कधी तक्रार का केली नाही.

पुंजाजी : बस, एवढंसंच? अन् यासाठी म्या साऱ्या वावरात सापळे लटकवले?

सीताबाई : ते काढू नका. शोभा येते.

सायली : आबाजी, तुम्ही चांद्याला आवतन दिलंत, मी बाश्याला दिलं. आता आत चला. आजीला लगेच जेवायला हवं, इन्सुलिन घेतलंय तिने.

सीताबाई : पानं वाढायला घे, मी आलेच. माझं एक निमंत्रण राहिलं आहे.

पुंजाजी : कोनाचं? बैलं तं दोनच हायेत आपले.

सीताबाई : तुम्ही ते पळसाचं पान धरा, आणि जरा तिकडे पाहा.

पुंजाजी : अवो, पोटावर हात ठेवून कोनाशी बोलून राह्यल्या तुमी?

सीताबाई : बाप्पा हो, लय राबले तुमी. आज आवतन घ्या... अन् जमलं तं, उद्या जेवाले या.